नऊ आकड्यांचं अंतर

शुक्रवारी चारच्या आत कळवा, असं वरून आलंय:
यापुढे सर्व्हरशी बोलायचं ते कुठल्या दारानं?
नऊ हजार नऊशे नव्याण्णव,
की नऊ हजार नऊशे नव्वद.
एकाच भिंतीत दोन दारं,
मधे फक्त नऊ आकडे.

क्लाइपेदाच्या बंदरात जानेवारीत चारलाच अंधारतं.
खिडकीबाहेर क्रेनचे लाल दिवे, खाडीवर धुकं,
आत आम्ही तिघं, दोन हीटर, एक किटली.

वायदोतास पहिल्या दाराचा.
अठरा वर्षं जावात घालवलेला माणूस.
म्हणतो, सर्व्हर जावातला,
घरच्या माणसाशी कुणी दुभाषा घेऊन बोलतं का?
त्याचा क्लायंट एकदा जोडला की जोडलेला.
आकडा पाठवला तर तिकडे आकडाच पोचतो,
तारीख तारीखच राहते.
आणि तिकडे काही हललं
तर इकडे न विचारता कळतं.

मात्र मागच्या हिवाळ्यात आवृत्ती बदलली,
आणि घरच्या माणसानं ओळख दाखवली नाही.
क्लास सापडत नाही, क्लास सापडत नाही,
साठ ओळींचं रडगाणं पडद्यावर,
आणि वायदोतास मध्यरात्री एकेक जार फाइल बदलत बसलेला,
सासरी गेलेल्या मुलीचा पत्ता शोधावा तसा.

स्किर्मान्तेला हे पटत नाही.
तिची एकच ओळ असते, साध्या मजकुराची,
महिरपी कंसात बांधलेली.
शेलमधून पाठव, पायथॉनमधून पाठव,
प्रॉक्सी असो, फायरवॉल असो,
एचटीटीपीला कुणी अडवत नाही.
म्हणते, उद्या मी नसेन, तू नसशील,
पण ही ओळ कुणालाही वाचता येईल.

तिचं दार दर वेळी नव्यानं विचारतं:
कोण? परवलीचा शब्द? काय हवंय?
हे घे, नीघ.
आणि पाठ वळताच विसरतं.
वायदोतासला नेमकं हे विसरणंच लागतं.

मंगळवारची गोष्ट.
रात्री सव्वादोनला कंटेनरचं वेळापत्रक गोठलं.
ग्डान्स्कहून आलेलं जहाज बाहेर ताटकळत,
आणि नव्या फायरवॉलनं पहिलं दार बंद केलेलं.
वायदोतास घरून टकटक करत राहिला.
स्किर्मान्ते स्मिल्तिनेला, मैत्रिणीकडे,
खाडीच्या पलीकडे, परतीची फेरी सहालाच.
तिनं फोनवरून ओळ पाठवली.
उत्तर आलं: यशस्वी.
ती झोपली.

जोडीतला दुसरा सर्व्हर उठलाच नव्हता.
"यशस्वी" म्हणजे निरोप पोचला, एवढंच.
पुन्हा विचारायचं असतं, आणि पुन्हा,
आणि झोपलेलं माणूस विचारत नाही.
पहाटे वायदोतास सायकल हाणत बंदरात आला,
आतल्या जाळ्यातून त्याचं ते जुनं दार उघडलं,
आणि जोडणी धरून बसला
दुसऱ्याचा श्वास ऐकू येईपर्यंत.

दोघंही मला सांगतात, बघ, मी म्हटलं नव्हतं?

पावणेचारला मी फॉर्म उघडला.
एचटीटीपीवर खूण केली.
कारणासाठी दोनशे अक्षरं दिली होती,
मी लिहिलं: फायरवॉल, आणि माणसं बदलतात.
वायदोताससमोर मांडलं तर म्हणाला, बरोबर आहे.
मग त्याच्या जार फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या,
नाव दिलं "टाकायचं", टाकलं मात्र नाही.

आता तो कोपऱ्यात फोनवर.
तेल्श्यायला भाऊ असतो त्याचा.
दिवसभर जहाजांशी मोडकं इंग्रजी,
आमच्याशी नीटनेटकी लिथुआनियन,
आणि भावाशी ती झेमैती बोली,
जिचं अर्धं स्किर्मान्तेच्या डोक्यावरून जातं.
चार-दोन शब्द झाले असतील.
मग दोघंही गप्प.
पलीकडे कुणीतरी लाकडं फोडतंय, ते इथवर ऐकू येतं.
फोन कानालाच, चालू.
मी हीटर बंद करते,
किटली विसळायला नेते.